उचलणीचे मडके

१

सन १९९८. जुलैचा दुसरा आठवडा. फिजीत हे कोरडे, थंड वाऱ्याचे दिवस असतात. पण त्या साली कोरड जास्तच होती, कारण मागचा पावसाळा आलाच नव्हता. सिंगाटोका नदी इतकी आटली होती की वुनिमोली गावची माणसे पोटऱ्या भिजवून पलीकडच्या शेतांत जात.

तोरिकाला ही हवा मानवली. ओल नसली की मडके नीट सुकते आणि नीट सुकलेले मडके आव्यात, भाजणीच्या जाळात, फुटत नाही. तिने चाक कधी वापरले नाही. तिच्या आईनेही नाही. टाचेने माती आणि नदीची रेती तुडवायची, वळ्या करायच्या, वळीवर वळी चढवायची. मग एका हाताने आतून दगडी गोळा धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापी मारायची. तशी भिंत पातळ होते, पोट फुगते. गावातल्या बाकी बाया एका शेडमध्ये मिळून काम करीत, मिळून विकीत. तोरिका एकटी घडवी आणि स्वतःच्या नावाने विकी. तिच्या मडक्यात पाणी ठेवावे की ते नुसते बघत बसावे, असे लोक म्हणत. तिला ते ऐकायला आवडे.

मात्र एक रीत तीही पाळत असे. जिने मडकी घडवली तिने ती जाळातून उचलायची नाहीत. उचलणारी दुसरी असते. ती लांब काठ्यांनी लाल मडकी बाहेर काढते, गरम असतानाच त्यांना राळ फासते, बोटाच्या पेराने वाजवून आवाज पाहते. मग त्यांतले एक स्वतःसाठी निवडते. ते उचलणीचे मडके. निवड होईपर्यंत घडवणारीने पाठ करून बसायचे, म्हणजे तिचा जीव कशावर आहे हे तिच्या डोळ्यांत दिसत नाही. निवडलेले मडके केळीच्या वेगळ्या पानावर ठेवतात. ते थंड झाले की उचलणारी ते घेऊन जाते.

तोरिका लग्न होऊन आली तेव्हापासून तिची मडकी तिची नणंद सेरुवाइया उचली. नवरा वारल्यावरही त्यात खंड पडला नव्हता. जुलैच्या त्या आठवड्यात मात्र सेरुवाइयाने नेमके सर्वांत मोठे मडके पानावर ठेवले.

"अक्का, ते ठेवा. हॉटेलच्या दुकानाला कबूल केलंय मी."

"पानावर ठेवलंय ते."

"दुसरं कुठलंही घ्या ना."

"मग माझ्या वाटचं तूच निवड. जेवायलाही तूच बस माझ्या ताटावर."

"माझ्या हातचं आहे ते."

"आणि हे फोड कुणाच्या हातचे?" सेरुवाइयाने तळवा पुढे केला. "तुझी माती, तुझं नाव. जाळात हात घालायला मात्र मी."

"यापुढे नका घालू. मी एकटी भाजीन."

या दोघी एरवी एकमेकींची टर उडवीत. गावात त्यांच्या भांडणाला लोक हसायला जमत. त्या दिवशी सेरुवाइया हसली नाही.

"एकटीनं नाही भाजायचं, तोरिका."

"का? कायदा आहे?"

"नाही भाजायचं."

ती मडके काखेत घेऊन गेली. तोरिकाने मागून दार लावले. दार कुणी ऐकावे इतक्या जोरात.

२

पुढचा आवा तिने एकटीने लावला. वेळूच्या थरावर मडकी मांडली, वर सुक्या झावळ्या रचल्या, चहूबाजूंनी पेटवले. वारा पडलेला होता. जाळ सरळ वर गेला. झावळ्या बसल्या, राख पांढरी झाली आणि राखेतून मडक्यांची लाल पोटे दिसू लागली.

तेव्हा तिला आठवले की राळ घरात राहिली.

घर हाकेच्या अंतरावर. आत तिचा नातू इलाई चटईवर झोपला होता. मुलगी केलेरा हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला, म्हणून मूल दिवसभर आजीकडे. नुकते पालथे पडू लागले होते. तिने त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले, फळीवरचा राळेचा खडा घेतला आणि बाहेर आली.

मडकी बाहेर काढलेली होती.

केळीच्या पानांवर ओळीने ठेवलेली. सगळ्यांना राळ लागलेली. राळेचा वास अजून गरम होता. तिच्या मुठीतला खडा जसाच्या तसा होता.

तोरिकाने कुंपणाकडे पाहिले. मग तिच्या ओठाला मुरड पडली. अक्का. तोंडाने काही म्हणो, राहवले नाही तिला. येऊन काम करून गेली आणि तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून मागच्या कुंपणातून निघाली.

"बोलावलं नव्हतं मी," तोरिका मोठ्याने म्हणाली. कुंपणापाशी कोणी असेल तर ऐकू जावे म्हणून. "न बोलावता आलेल्याला वाटा नसतो."

कुंपणापाशी कोणी नव्हते. तिने एकही मडके मागे ठेवले नाही. सगळी गवतात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घातली.

३

हॉटेलच्या दुकानातला विनेश तिच्या मुलीच्या वयाचा. मडके हातात घेतले की आधी आत बघायची त्याला सवय.

"मावशी, ही कशानं उचललीत?"

"काठीनं. आणखी कशानं?"

"काठीचा ओरखडा असतो गळ्यात, आतून. तुमच्या प्रत्येक मडक्याला असतो. यात एकालाही नाही." त्याने एक मडके उजेडात फिरवले. "आणि हे बघा."

मडक्याच्या खांद्यावर राळेत बोटे उमटली होती. एका अंगाला चार आणि अंगठा, दुसऱ्या अंगालाही तितकीच. गरम मडके दोन्ही हातांत धरून उचलावे तशी.

"भाजलं नाही तुम्हाला?"

"गार झाल्यावर धरलं असेल."

"गार राळ दगडासारखी होते, मावशी. तिच्यात बोट रुतत नाही." तो हसला. "पण लोकांना आवडेल हे. कलाकाराच्या हाताची खूण. अशीच आणा."

तो मागे वळला तशी तोरिकाने आपली बोटे त्या ठशांवर ठेवली. ठसे तिच्या बोटांच्या एक पेर पुढे जात होते. सेरुवाइयाची बोटे आखूड, जाड. गाव त्यांना रताळी म्हणे.

गावच्या फाट्यावर ती उतरली तर तिथे सेरुवाइया टोपलीवर बसलेली, पायाशी गाठोडे.

"काय गं, एकटीच्या आव्यात मडकी फुटली की नाक फुटलं?"

"दोन्ही शाबूत आहेत. तुमच्या कृपेनं."

"माझी कसली कृपा? मी लौटोकाला होते लेकाकडे. सून बाळंत झाली. ही आत्ता उतरतेय. जरा गाठोडं धर, आखडून गेलेत पाय."

तोरिकाने गाठोडे धरले. काही बोलावे असे तिच्या जिभेवर आले, ते तिने गिळले. वाटेत मनाशी म्हणाली, त्या शेडमधल्या पोरींपैकी कोणी असेल. चेष्टा. हातावर ओले फडके बांधले की बोटे लांब दिसतात.

ओल्या फडक्याच्या बोटांना नखांच्या कडा उमटत नाहीत. तिने त्या पाहिल्या होत्या.

४

दुसऱ्या वेळी ती राळ कमरेला बांधून बसली. जाळाकडे तोंड करून. कोण येते ते पाहायचेच होते. तोरिका भित्री बाई नव्हती. रविवारी प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसे आणि रात्री भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर मूर्ख म्हणे. आणि ही तर भर दुपार होती. कोंबड्या अंगणात माती उकरत होत्या.

जाळ बसला. मडकी लाल झाली. तिने काठी उचलली, आणि घरात इलाई किंचाळला.

ती धावत आत गेली. मूल चटईवर डोळे उघडे ठेवून पडले होते, पण रडत नव्हते. तिने त्याला उचलले. दाराकडे वळली.

तेव्हा बाहेरून आवाज आला. पानावर काही जड टेकल्याचा. मग पेराचा: टक, टक. आणि भाजलेल्या मातीचा गोल, लांब आवाज. मग राळ चरचरली.

कोंबड्या गप्प झाल्या होत्या.

तोरिका दाराच्या आत उभी राहिली. दोन पावले पुढे टाकली असती तर अंगण दिसले असते. तिने स्वतःला सांगितले, जा. पोरी असतील. कानाखाली वाजव एकीच्या. तिने मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतले. बाहेर पुन्हा टेकल्याचा आवाज आला, पुन्हा टक, टक, पुन्हा चरचर. उचलणारीला घाई नव्हती. काम कसे करावे हे तिला ठाऊक होते. तोरिकाच्या आईच्या हाताला असा ठेका होता. सेरुवाइयाला तो कधी जमला नाही.

आवाज थांबला. तरी ती तशीच उभी राहिली. मग एक कोंबडी कलकलली तेव्हा बाहेर आली.

मडकी ओळीने होती. ओळीच्या शेवटी, हातभर अंतर सोडून, केळीचे एक पान पसरलेले होते. पानावर काही नव्हते.

त्याचा अर्थ तिला कोणी सांगायला नको होता. वाटा मागितला जात होता. एवढी मर्यादा ठेवून, की स्वतः उचलून नेला नव्हता.

या आव्यातली मडकी विनेशला कबूल केलेली. एका मडक्याच्या काठाला केसाएवढी चीर गेली होती. ते दुकानात चालले नसते. तोरिकाने ते उचलून पानावर ठेवले आणि हात झटकले.

"हे घे," ती म्हणाली. "आणि पुन्हा येऊ नको."

सकाळी ते चिरलेले मडके घरात होते. इलाईच्या उशाशी. तिने हात लावला तर गरम लागले.

मुलाचे कपाळही.

५

ताप दोन दिवस हटला नाही. केलेरा पहिली रात्र जागली; दुसऱ्या दिवशी तिला कामावर जावेच लागले. जाताना म्हणाली, "आई, पाण्याच्या घड्या बदलत राहा. त्या मडक्यांच्या नादात विसरू नको हं."

"तुला वाढवताना विसरले होते का?"

"तेव्हा माझं अंग आव्यापाशी भाजलं होतं एकदा. आठवतंय मला."

तोरिका दिवसभर मुलाजवळच बसली. दुपारी पाणी संपले. घराच्या भिंतीलाच टाकी आहे. बादली भरायला कितीसा वेळ. ती आत आली तेव्हा चटई रिकामी होती. पांघरूण व्यवस्थित घडी घातलेले.

तिने नाव घेऊन हाक मारली नाही. जे मूल सरपटतही नाही त्याला हाक कशी मारायची. ती सरळ अंगणात गेली.

इलाई आव्याच्या राखेपाशी होता. केळीच्या पानावर, उताणा, हात अंगाशी जुळवलेले. गप्प, डोळे उघडे. त्याचे पोट आणि तळपाय उन्हात चमकत होते. वाकली तेव्हा वास आला. राळ. आणि छातीच्या डाव्या अंगाला एक गोल लाल खूण. पेराएवढी.

वाजवून पाहिले होते त्याला.

तिने त्याला छातीशी धरले आणि आत नेले. साबणाने घासले. राळ निघाली नाही. मुलाचे अंग निखाऱ्यासारखे होते. तिने चांगली घट्ट मिठी मारली आणि मग तिच्या ध्यानात आले की तिला या तापाचा आधार वाटतो आहे.

कारण पानावर ठेवलेले लगेच नेत नाहीत. थंड झाले की नेतात.

केलेराने कळवले म्हणून दवाखान्यातली नर्स आली तेव्हा तोरिकाने दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि मुलाला दोन घोंगड्यांत गुंडाळले होते.

"अहो बाई! भाजून काढताय का याला?" नर्सने घोंगड्या ओढून टाकल्या. "एवढ्या तापात मूल असं गुंडाळतात? झटके येतील. आणि हे पायाला काय चोपडलंय?"

"औषध."

"गावठी औषधं बंद. हे पाजा." तिने पातळ औषधाचा चमचा मुलाच्या तोंडात रिकामा केला. "काळजी नको. अंधार पडायच्या आत अंग गार लागेल बघा."

ती गेली. तोरिकाने घोंगडी हातात घेतली. घातली तर मूल आतल्या आत करपणार. न घातली तर गार होणार. तिने घोंगडी खाली ठेवली, मुलाला कमरेवर घेतले आणि नणंदेच्या दारात जाऊन उभी राहिली. उन्हे अजून डोंगराच्या वर होती.

६

सेरुवाइया कसाव्याचे कंद सोलत होती. वर न बघता म्हणाली, "आज वाट चुकली वाटतं राणी."

"अक्का, माझी मडकी उचला."

या स्वरावर सेरुवाइयाने मान वर केली. मुलाचे चमकणारे पाय तिला दिसले. तिने सुरी खाली ठेवली.

"एकटीनं किती वेळा भाजलंस?"

"दोनदा."

"वाटा?"

"पहिल्यांदा नाही ठेवला. मला वाटलं तुम्हीच आला होतात."

"दुसऱ्यांदा?"

"चिरलेलं ठेवलं."

सेरुवाइयाने कपाळावर हात मारून घेतला. "चिरलेलं. अगं, मला देताना जो चिकटपणा करतेस तो तिथंही केलास?"

"कोण आहे ती, अक्का?"

"मला विचारू नको. मला ठाऊक नाही आणि करून घ्यायचं नाही. एवढंच ऐकत आले की उचलायला कुणी नसलं तर उचलणारी येते. याला पानावर ठेवलं होतं?"

"हो."

"आणि तू उचलून आणलंस."

"मग काय करायला हवं होतं?"

सेरुवाइया जवळ आली. तिने मुलाच्या मानेखाली हात घालून पाहिला. "उतरतोय," ती म्हणाली. "सुकलेली मडकी आहेत?"

"आहेत. विनेशसाठीची."

"त्यात जीव लागेल असं एखादं?"

तोरिकाला ते सांगावे लागले नसते तर बरे झाले असते. "एक आहे. तसं मी आजवर घडवलं नाही."

"चल. मी उचलते. माझा वाटा मला नको, सगळी तिच्यापुढं मांडायची. तू पाठ करून बसायचं. आणि मी सांगते ते कान देऊन ऐक." तिने तोरिकाचा दंड धरला. "याला मांडीवर घे, पण याच्याकडे बघायचं नाही. आवळून धरायचं नाही. रडला, हसला, काही झालं तरी. तुझे डोळे ज्याच्यावर जातील तेच ती नेईल."

७

जाळ पाठीला लागत होता. तोरिका समोरच्या डोंगराकडे पाहत बसली. डोंगराच्या कडेला एकच नारळाचा माड होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

मूल मांडीवर सैल पडले होते. त्याची उष्णता तिच्या कपड्यांतून जाणवत होती, आणि ती कमी होत होती.

मागे काठ्या मडक्याच्या गळ्यात घासल्या. सेरुवाइयाच्या काठ्या, तो ओरखडा तिला ओळखू आला. मडके पानावर टेकले. सेरुवाइया धापा टाकत होती. दुसरे. तिसरे. मग काठीचा आवाज न होता एक मडके टेकले.

सेरुवाइयाच्या धापा बंद झाल्या.

"अक्का?"

 टक, टक. माती वाजली. पुढे सरकून पुन्हा टक, टक. ठेका तोच, न घाईचा. राळ चरचरली. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज गेला. शेवटी मोठे मडके वाजले. त्याचा नाद इतका खोल आणि स्वच्छ होता की भीतीतही तोरिका तो विरेपर्यंत ऐकत राहिली. असे मडके तिच्या हातून पुन्हा होणार नव्हते.

आवाज तिथे थांबला नाही. तो तिच्याकडे आला.

गवत दबले. राळेचा वास दाट झाला. मांडीवर मूल हलले आणि तिच्या पोटाला त्याच्या मानेचा घाम लागला. ताप उतरला होता. मूल हसले. झोपेतले हसू नव्हते. समोर कोणी ओळखीचे आले म्हणजे हसते तसे. त्याने दोन्ही हात वर केल्याचे तिला जाणवले. उचलून घे म्हणताना करतात तसे.

तोरिका नारळाकडे पाहत होती. नारळ हलत होता की तिचे डोळे, हे तिला सांगता आले नसते. तिचे हात आवळू पाहत होते. तिने ते उघडले. तळवे वर करून दोन बाजूंना गवतावर ठेवले. मूल तिच्या मांडीवर नुसते ठेवल्यासारखे उरले.

डाव्या डोळ्याच्या कडेला एक हात आला.

तिने तो पाहिला नाही; तो तिथे होता. उघडा, लांब. भाजलेल्या मातीवर जाळाचे काळे डाग पडतात तसे त्याच्यावर होते. मधले बोट दुमडलेले. ते मुलाच्या छातीवर गेले.

टक, टक.

मडक्यासारखा नाद आला नाही. मुलाची छाती मऊ असते. बोट तसेच थांबले, ऐकत असल्यासारखे.  नारळ. नारळ. नारळाच्या खाली एक खडक होता. तिने तो खडक पाहायला घेतला.

मग तिने जे कोणा घडवणारीने कधी केले नसेल ते केले. मान तिरकी केली, मुलावर, त्या हातावर नजर पडू न देता, आणि खांद्यावरून मागे ओळीच्या टोकाला ठेवलेल्या मोठ्या मडक्याकडे पाहिले. जीव ओतून पाहिले. त्यासाठी तिला खोटे करावे लागले नाही.

हात डोळ्याच्या कडेतून गेला.

ती पुन्हा डोंगराकडे वळली. मागे गवत दबत गेले. नंतर कुठेतरी एक कोंबडी ओरडली.

सेरुवाइया कुंपणाला धरून उभी होती. डोळे मिटलेले, काठ्या पायाशी. तिची दोन बोटे भाजली होती. "गेली?" तिने विचारले.

तोरिका मुलाला घेऊन उठली. ओळीत दोन जागा रिकाम्या होत्या. त्यातली एक मोठ्या मडक्याची. पानावर गोल वळ उरला होता आणि त्यातून वाफ निघत होती; थंड व्हायचीही वाट पाहिली गेली नव्हती. मूल घामेजून, ताप उतरून, तिच्या खांद्यावर झोपले होते. दोन आव्यांचे देणे फिटले होते.